कोपरातली नस



सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोटच आठवतं. कोपराची सोनोग्राफी लिहून दिली तर पेशंट चिठ्ठी उलटसुलट करून बघतात. पण इथे चिखलोलीच्या एमआयडीसीत पान्हे फिरवणारे आणि पलीकडे उल्हासनगरला जीन्स शिवणारे हात दिवसभर कोपरावरच राबतात, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलते.

टेनिस एल्बो हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचला तो 2004 मध्ये, सचिन तेंडुलकरमुळे. पुढच्या वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रियाही झाली. मनगट उचलणाऱ्या स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, म्हणजे टेंडन, कोपराच्या बाहेरच्या बाजूला झिजतो. बादली उचलताना, कपडा पिळताना कळ येते. सोनोग्राफीत चांगला टेंडन सुताच्या लडीसारखा एकसारख्या रेघांचा दिसतो, झिजलेला जाड आणि काळपट. पण खरं सांगू? यासाठी लगेच पैसे घालवू नका. अनुभवी डॉक्टर बोटाने दाबून हे ओळखतात. व्यायाम करूनही काही महिन्यांत बरं वाटलं नाही किंवा टेंडन फाटल्याची शंका आली, तर तपासणी करा.

नसेची गोष्ट वेगळी. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत करंट जातो ना, ती अल्नर नस. ती कोपराच्या आतल्या हाडामागून जाते, जवळपास कातडीखालूनच, म्हणून प्रोब ठेवला की स्पष्ट दिसते. तिचा आडवा छेद मोजतो. साधारण 10 चौरस मिलिमीटरच्या पुढे गेला की आम्ही सावध होतो. मग हात वाकवायला सांगतो. नस हाडावरून सटकते का, ते पडद्यावर हलताना दिसतं. नेहमीच्या एमआरआयच्या स्थिर चित्रात हे सापडत नाही. (ठणठणीत माणसांतही काहींची नस सटकते, तेव्हा तेवढ्या एका ओळीने घाबरू नका.) नस काम किती करते, यासाठी मात्र नर्व्ह कंडक्शनची वेगळी तपासणी लागते.

जाड नस दिसली की मी आणखी एक विचारते: अंगावर बधिर चट्टा आहे का? कुष्ठरोगाची शंका म्हणून. देशाने 2005 अखेर निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठलं, त्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. रोग संपलेला नाही. नुसत्या दाबाने नस कोपराच्या खाचेशी सुजते. कुष्ठरोगात बहुधा थोडी वर, दंडाकडे जास्त जाड असते. चट्टा नसतानाही हे होऊ शकतं. सरकारी दवाखान्यात गोळ्या मोफत आहेत, सहा महिने किंवा वर्षभर. वेळेत आलात तर हाताची ताकद वाचते. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात आणि शिलाईचं मशीन सुटतं.

लोक लपवतात, आणि त्यामागे बरेचदा लग्नाची भीती असते. आपल्या 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवऱ्याचा कुष्ठरोग हे विवाह मोडण्याचं कारण होतं. 2019 च्या दुरुस्तीने ते काढलं. हिंदू, ख्रिस्ती आणि विशेष विवाह कायद्यांतूनही काढलं. हे घरी सांगा, विशेषतः अम्मीला आणि खालाला. स्थळं त्याच बघतात.

आता जायचं कुठे? गर्भलिंग चाचणी रोखण्यासाठी महाराष्ट्राने 1988 मध्ये आणि केंद्राने 1994 मध्ये कायदा केला. त्यामुळे सोनोग्राफीचं मशीन पिशवीत घालून मला कारखान्यात येता येत नाही. तुम्हालाच नोंदणी असलेल्या केंद्रात यावं लागतं. मुलींसाठी तो कायदा हवाच, माझी तक्रार नाही. फक्त आधी फोन करून विचारा, "नसेची आणि सांध्याची सोनोग्राफी करता का?" पोट बघणाऱ्या प्रत्येकाला कोपर बघता येतंच असं नाही.

बोलणं झाल्यावर मी थांबणार आहे. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर असलेल्यांनी एक कागद घेऊन या. अंगठा आणि तर्जनीमध्ये तो सपाट धरायचा, मी ओढणार. अंगठ्याचं टोक वाकवल्याशिवाय तो धरता आला नाही, तर आपण पुढचं बोलू.