बोटावर चढलेले बोट

पनवेलीच्या आसपास भातलावणीला चिखलात अनवाणी उतरणारा शेतकरी, पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली असली तरी तिच्याविषयी सहसा तक्रार करीत नाही. तक्रार सुरू होते ती त्याचा मुलगा बूट घालून शाळेत जाऊ लागला म्हणजे! बोट बुटाला घासते, कुरूप होते, पोर लंगडते.

करंगळीचे हे व्यंग बहुधा जन्मजात, पुष्कळदा घराण्यात चालत आलेले. तान्हेपणी ते कधी आपोआप सुधारतेही. मोठेपणी अंगठा इतर बोटांकडे कलला, की दुसरे बोट त्याच्यावर चढते. मग जोडवीही रुतू लागतात.

पहिला उपाय म्हणजे पुढून रुंद असा जोडा. गुरुजी, अशा मुलाला खुशाल चपला घालू द्या. तान्ह्याचे बोट पट्टीने कसे बांधावे, हे डॉक्टरांकडूनच शिकावे. ताठरलेले, दुखणारे बोट शस्त्रक्रियेने सरळ करता येते. पण नुसते वाईट दिसते म्हणून कापाकापी कशाला?

मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाची गोष्ट निराळी. तिथे घासलेले कळतच नाही. नेऱ्याचे शांतिवन जवळ असलेल्या आपल्या तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. अशांनी रोज रात्री दिव्यापाशी बेचक्या पाहाव्यात, आणि फोड दिसला तर सकाळीच दवाखाना गाठावा.