शेवटच्या रांगेतला कान



 बाहेरच्या जगाला आमचे नाशिक जिल्ह्यातले विंचूर गाव कांद्याच्या बाजारासाठी आणि द्राक्षांसाठी ठाऊक आहे. इतिहासाच्या वाचकांना ते पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्यामुळे ठाऊक असते. पण रंगभूमीच्या माणसांनी या गावाचे नाव आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे असे मला वाटते. याच घराण्याच्या पुण्यातील वाड्यात लोकमान्य टिळकांनी १८९४ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला. त्या उत्सवातून मेळे उभे राहिले, आणि नाटकगृहाची पायरी कधी न चढलेला माणूस संवाद आणि पदे ऐकायला उभा राहिला. हे घडले ते वाड्यांच्या चौकांत आणि पेठांच्या मांडवांत. वाड्याचा चौक म्हणजे चारी बाजूंनी बंदिस्त, वरून उघडा, भोवती ओसरी आणि माडीवर सज्जा. मध्ये उभा राहून बोलणाऱ्याचा आवाज सज्ज्यातल्या माणसापर्यंत विनासायास पोहोचतो. नाटकासाठी न बांधलेली जागा नाटकाला साथ देते, आणि नाटकासाठी म्हणून बांधलेले सभागृह पुष्कळदा त्याचा गळा दाबते. असे का होते, याचा विचार आज या संमेलनात आपल्यापुढे ठेवायचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. प्रेक्षागृहाचे माप खुर्च्यांच्या संख्येवरून ठरू नये. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या कानावरून आणि डोळ्यावरून ठरावे. हा विचार आजचा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय सगळा नाट्यगृहाच्या बांधणीवर आहे. विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे तीन आकार आणि मोठे, मध्यम, लहान अशी तीन मापे त्यात दिली आहेत. मोठे नाट्यगृह १०८ हातांचे. पण माणसांच्या नाटकासाठी भरत मध्यम माप सुचवतो : ६४ हात लांब, ३२ हात रुंद. कारणही देतो. याहून मोठ्या मंडपात उच्चार विरून जातो, आवाज बेसूर होतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसेनासे होतात. हात दीड फुटाचा धरला तर हे नाट्यगृह ९६ फूट लांब आणि ४८ फूट रुंद होते. त्यातला अर्धा भाग रंगपीठ, रंगशीर्ष आणि नेपथ्यगृह यांना दिला, की प्रेक्षकांच्या वाट्याला ४८ फुटांचा चौरस उरतो. आता आजचे ध्वनिशास्त्र काय म्हणते ते पाहा. मूळ आवाजानंतर सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात जो परावर्तित आवाज कानी येतो, तो मूळ आवाजात मिसळून त्याला बळ देतो. त्याहून उशिरा येणारा आवाज शब्द पुसू लागतो. तेवढ्या वेळात ध्वनी सुमारे १७ मीटर, म्हणजे ५६ फूट जातो. ४८ फूट रुंदीच्या गृहात मध्यावर उभ्या असलेल्या नटाचा आवाज बाजूच्या भिंतीवर आपटून प्रेक्षकाकडे येताना थेट आवाजापेक्षा ४८ फुटांहून जास्त लांबची वाट कधीच चालत नाही. म्हणजे दोन्ही भिंती नटाच्या बाजूने बोलतात. भरताजवळ सेकंदाचा विसावा भाग मोजायचे साधन नव्हते; त्याच्याजवळ पिढ्यांचा अनुभव होता. नाट्यगृह डोंगरातल्या गुहेसारखे असावे, खिडक्या लहान असाव्यात, वारा खेळता नसावा आणि बैठका पायऱ्यांसारख्या चढत्या असाव्यात, हेही त्याने त्याच अनुभवातून लिहिले. खेळासाठी लोकांना एकत्र बसवण्याची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे : नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या गौतमी बलश्रीच्या शिलालेखात तिच्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, ‘उत्सव-समाज’ भरवणारा म्हणून स्तुती केली आहे. लोकांना एकत्र बसवून खेळ दाखवणे हे राजाचे कर्तव्य मानणारा हा आपला प्रदेश आहे.

मराठी नाटकाचा आधुनिक प्रवासही लहान जागेतच सुरू झाला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सांगलीच्या राजवाड्यात केले. तिथे पडद्यांची कमान नव्हती. सूत्रधार आणि त्याचे साथीदार रंगमंचावर उभे राहून गात होते. दहा वर्षांनी, १८५३ साली, भाव्यांची मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकशाळेत खेळली आणि मराठी नाटक युरोपीय चौकटीत शिरले : समोर कमान, दर्शनी पडदा, विंगा, रंगवलेले देखावे. १८८० साली पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ उभे राहिले, तोवर ही चौकट आपली झाली होती. ती आपण घेतली याबद्दल माझी तक्रार नाही. तिने संगीत नाटकाला वैभव दिले. ध्वनिक्षेपक नसताना भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, केशवराव भोसले यांनी त्याच चौकटीतून पिटातल्या आणि गॅलरीतल्या माणसापर्यंत पदे पोहोचवली. पण त्यांच्या गळ्यांचे कौतुक करताना त्या गळ्यांना झेलणाऱ्या वास्तूंचा आपल्याला विसर पडतो. लाकडी तुळया, लाकडी गॅलरी, कापडी पडदे आणि सुती कपड्यांतले दाटीवाटीने बसलेले लोक, ही सगळी सामग्री आवाजाचा नको तेवढा घुमारा पिऊन टाकणारी होती. नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा तिथे ‘शारदा’ नाटक व्हायचे होते. शहराचे सगळे थर एका छपराखाली बसण्याची ती जागा होती, म्हणून ती घटना तिथे घडली. पुढे बोलपट आला आणि गावोगावची नाटकगृहे टॉकीज झाली, विजयानंदही झाले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा अभिमान बाळगणाऱ्या जिल्ह्याने चित्रपटाला बोल लावू नये. मात्र पडद्यासाठी बांधलेली किंवा बदललेली जागा जिवंत आवाजाचे हिशेब विसरली, हे खरे.

संख्येच्या मोहाने काय होते याचा सर्वांत मोठा धडा न्यूयॉर्कने दिला आहे. तिथले फिलहार्मोनिक सभागृह १९६२ साली उघडले. ध्वनितज्ज्ञांनी जगातली उत्तम सभागृहे मोजून आराखड्याचा पाया घातला होता. पण अधिक श्रोते बसावेत म्हणून पुढे आकार बदलला गेला. उद्घाटनापासून आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या. १९७६ साली ते आतून पाडून पुन्हा बांधावे लागले, आणि २०२२ साली पुन्हा एकदा. या वेळी पाचशेहून अधिक खुर्च्या कमी करून. १९७६ च्या पुनर्बांधणीत असलेले वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस या दोघांनीच पुढे मुंबईत एनसीपीएचे टाटा थिएटर उभे केले. १९८० साली उघडलेल्या त्या सुमारे हजार खुर्च्यांच्या गृहात श्रोते पंख्याच्या आकारात कलावंताभोवती बसतात, कारण ध्वनिक्षेपकाशिवाय आपले राग-संगीत जवळून ऐकता यावे हा त्यामागचा हेतू होता. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपास घुमारा हवासा वाटतो. बोललेल्या शब्दाला तो एका सेकंदाहून फार वाढलेला चालत नाही. आपल्या संगीत नाटकाला तर एकाच प्रवेशात गद्य आणि पद दोन्ही पेलायची असतात, म्हणून त्याचे गृह या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बेतावे लागते. परदेशी नमुना उचलून हे जमणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो माइकचा. आता ध्वनिक्षेपक आहे, मग भिंतींचा एवढा विचार कशाला? याचे उत्तर आपल्या गावोगावच्या सभागृहांतच मिळते. खाली गुळगुळीत फरशी, वर काँक्रीटचा सपाट स्लॅब, समोरासमोर प्लास्टर केलेल्या दोन समांतर भिंती, आणि टोकाला हातभर उंचीचा ओटा. नट ‘नाही’ म्हणतो. त्यातला ‘ना’ भिंतींमधून फिरत असतानाच ‘ही’ बाहेर पडतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. मागच्या रांगेतून ‘ऐकू येत नाही’ असा आवाज येतो. साउंडवाला आवाज वाढवतो. आवाज वाढतो तसा घुमाराही वाढतो, मग शिट्टी वाजते, आणि नट माइक जिथे टांगला आहे तिथेच उभा राहून नाटक करू लागतो. ध्वनिक्षेपक आवाज मोठा करतो, स्पष्ट करीत नाही. अमेरिकेत वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून रात्री-अपरात्री, हातात घड्याळ घेऊन, एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या उशा आणून ठेवत घुमारा मोजला. त्यातून त्यांना नियम सापडला : घुमारा गृहाच्या घनफळाबरोबर वाढतो आणि आवाज पिणाऱ्या पृष्ठभागांबरोबर घटतो. हा नियम आपल्या बांधकामाच्या अंदाजपत्रकात आला पाहिजे. मागच्या भिंतीला कापूस भरलेली खोबणी किंवा लाकडी पट्ट्या लावायला लागणारा खर्च ग्रॅनाइटच्या फरशीहून जास्त नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गावाला लग्ने, सभा, शिबिरे, परीक्षा या सगळ्यांसाठी एकच छप्पर परवडते. नाटकासाठी वेगळे कुठून आणायचे? या अडचणीकडे डोळेझाक करता येणार नाही. पण सगळ्यांसाठी म्हणून बांधलेले सभागृह शेवटी फक्त जेवणावळींना सोयीचे ठरते, हेही आपण पाहतो. आपल्या निफाड तालुक्यातला शेतकरी कांद्याची चाळ बांधतो तेव्हा ती अरुंद ठेवतो, जमिनीपासून उचलतो, दोन्ही अंगांनी वारा खेळू देतो. लग्नालाही उपयोगी पडेल म्हणून तिची रुंदी वाढवत नाही, कारण कांदा सडेल हे त्याला ठाऊक असते. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी हेच केले. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहून आल्यावर त्यांनी कुस्तीसाठी खासबागेचे गोल, उघडे, प्रचंड मैदान उभारले, आणि त्याला लागून १९१५ साली नाटकासाठी बंदिस्त नाट्यगृह पुरे केले. दोन्ही एका आवारात, एकाच राजाची. पण कुस्तीला लागतो तो आकार कुस्तीला आणि शब्दाला लागतो तो शब्दाला. त्याच नाट्यगृहाला पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले तेव्हा कोल्हापूरकर रडले. एखाद्या बहुउद्देशीय सभागृहासाठी गाव असे रडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तिसरा प्रश्न तमाशाचे फड आणि जत्रांचे खेळ जवळून जाणणारे विचारतात : उघड्यावर पिढ्यान्पिढ्या खेळ झाले, त्यांना कुठे भिंती होत्या? खरे आहे, आणि त्या खेळांचा मला आदर आहे. पण त्यांनी आपले ध्वनिशास्त्र भिंतींऐवजी कलेतच रचले होते. शाहिराने ओळ टाकायची आणि झीलकऱ्यांनी तिचा शेवट उंच सुरात उचलायचा, ढोलकी-हलगीने वाट करून द्यायची, कनातीने वारा अडवायचा. हळू आवाजातल्या गद्याला, एकट्या तंबोऱ्याला, पहिल्यांदाच रंगमंचावर उभ्या राहिलेल्या मुलीच्या कापऱ्या वाक्याला ही सोय नाही. शिवाय निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती उतरतो आणि अवकाळी गारा कधी येतात, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. आणि हल्ली शेजारच्या गल्लीतला डीजे कोणत्याही ऋतूत असतोच.

राहिला पैशाचा प्रश्न. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांना मोठे थिएटर भरल्याशिवाय दौरा परवडत नाही. लहान गृहात ती येणार नाहीत, हे मी मान्य करतो. ती नाशिकला कालिदास कलामंदिरात पाहता येतात. आपली गरज वेगळी आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या साध्या हॉलने १९७४ नंतर प्रायोगिक मराठी नाटकाला घर दिले. जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ पासून सुमारे दोनशे खुर्च्यांवर चालू आहे, आणि तिथे प्रेक्षक तीन बाजूंनी नटाच्या श्वासाच्या अंतरावर बसतो. पिंपळगाव बसवंतला बालपण गेलेल्या नाटककार शिरवाडकरांच्या या तालुक्यात शाळांची नाटके, स्पर्धेच्या संहिता, कीर्तने आणि बैठकीचे गाणे यांच्यासाठी तीनशे खुर्च्यांचे गृह पुरेसे आहे, आणि ते भरेल.

म्हणून स्वागत समितीने या संमेलनापुढे एका ठरावाचा मसुदा ठेवला आहे. प्रेक्षागृहाची रुंदी पन्नास फुटांच्या आत असावी. प्रत्येक रांग पुढच्या माणसाच्या डोक्यावरून दिसेल इतकी उंच असावी. छत पत्र्याचे नसावे, म्हणजे पावसात संवाद बुडणार नाहीत. नेपथ्याचा टेम्पो मागून थेट रंगमंचाला लागावा. विंगांना खरी जागा असावी. स्त्री कलावंतांसाठी स्वतंत्र, कडी लागणारी, पाणी असलेली रंगपटाची खोली असावी. आणि बांधकामाला परवानगी देण्यापूर्वी आराखडा ध्वनितज्ज्ञाने तपासावा. यातल्या कोणत्याही कलमाला आपला विरोध असेल तर तो दुपारच्या चर्चासत्रात मोकळेपणाने मांडावा. विशेषतः ज्यांनी जिल्ह्यातली सभागृहे चालवली आहेत त्यांचे आकडे आम्हाला हवे आहेत.