मरणाऱ्या ताऱ्यांची काजळी
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही काजळीविषयी बोलणार आहोत. कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. ज्योतीला प्राणवायू पुरत नाही आणि न जळलेला कार्बन काचेवर बसतो. अशीच काजळी म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीही धरते.

तारा आयुष्यभर हायड्रोजनचं हेलियम करतो. गाभ्यातला हायड्रोजन संपला की तो फुगतो, लाल होतो. पुढे त्याच्या पोटात हेलियमचे तीन-तीन अणुगर्भ एकत्र येऊन कार्बन बनतो. सूर्याहून थोड्या मोठ्या ताऱ्यांत हा कार्बन ढवळून वर येतो आणि तिथल्या प्राणवायूशी जोडी जमवतो. प्राणवायू संपूनही कार्बन उरला, तर त्याचा ॲसिटिलीन वायू होतो. वेल्डिंगवाला वापरतो तोच! ताऱ्यापासून थोडं दूर, जिथे तापमान हजार-दीड हजार अंशांवर उतरतं, तिथे या वायूपासून कार्बनची कडी बनतात, कड्यांची जाळी होते आणि त्यातून काजळीचे कण तयार होतात. हे कण इतके बारीक असतात की ताऱ्याचा प्रकाशच त्यांना बाहेर ढकलतो. जाताना ते वायूलाही ओढून नेतात.

सिंह रास म्हटली की आपल्याला पंचांग आठवतं. पण त्याच राशीत सी. डब्ल्यू. लिओनिस नावाचा असा एक तारा आहे. स्वतःच्याच काजळीत तो इतका झाकला गेला आहे की 1969 साली तो उष्णतेच्या, म्हणजे अवरक्त किरणांवरून सापडला.

ही काजळी आहे तशी राहत नाही. पुढे ताऱ्याचे वरचे थर निघून जातात, तापलेला गाभा उघडा पडतो आणि त्याच्या अतिनील किरणांनी कणांची घडण बदलते. अशा ताऱ्यांभोवतीचा कार्बन समजून घ्यायला 1985 साली अमेरिकेत प्रयोग झाले. त्यात 60 अणूंचा, फुटबॉलसारखा गोल कार्बन अनपेक्षितपणे हाती आला. त्याबद्दल क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना 1996 चं नोबेल मिळालं. आणि 2010 साली स्पिट्झर दुर्बिणीला तोच गोल एका मेलेल्या ताऱ्याभोवती दिसला.

कुणी म्हणेल, इतक्या लांबचं खरं कशावरून? तर 1969 सालीच ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावी उल्का पडली. तिच्यात सूर्याच्याही आधीचे कण मिळाले. त्यातले सिलिकॉन आणि कार्बन मिळून झालेले काही कण सुमारे 700 कोटी वर्षांपर्यंत जुने असल्याचं 2020 साली प्रसिद्ध झालं. आपला सूर्य 460 कोटी वर्षांचा. म्हणजे ताऱ्याची धूळ माणसाने हातात घेऊन तपासली आहे.

मेलेला माणूस तारा होतो, असं आपण लहान मुलांना सांगतो. खरी गोष्ट उलटी आहे. आपल्या रक्तामांसातला बराच कार्बन मेलेल्या ताऱ्यांकडून आला आहे. तो सर्वांच्या अंगात सारखाच आहे. त्यात उच्च-नीच कुणालाही दाखवता येणार नाही. राशींना भिऊन घरातली लग्नं, कामं अडवू नका. मुलांना आकाश दाखवा, प्रश्न विचारू द्या, आणि आम्ही सांगितलं तेही त्यांना तपासू द्या.

इतकं बोलून आम्ही थांबतो. जय भीम.