सुनील थोर की सचिन?



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर क्रिकेटचा विषय काहींना अस्थानी वाटेल. परंतु फरीदाबादेत चार मराठी माणसे जमली, की हा वाद हटकून निघतो आणि पक्ष बहुधा वयानुसार पडतात. पन्नाशी गाठलेल्या मंडळाने त्याचा एकदा शांतपणे विचार करावा, असे मला वाटते.

दोघेही मुंबईच्या संघाचे. दोघांच्याही कीर्तीचे टप्पे आपल्या शेजारच्या फिरोजशहा कोटला मैदानाने पाहिले. ऑक्टोबर १९८३ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध २९ वे कसोटी शतक झळकावून सुनील गावसकरांनी ब्रॅडमनची बरोबरी केली ती येथे; आणि १० डिसेंबर २००५ रोजी श्रीलंकेविरुद्ध ३५ वे शतक काढून सचिन तेंडुलकरांनी सुनीलचा विक्रम मागे टाकला तोही येथेच.

आकडे प्रथमदर्शनी सचिनच्या बाजूचे आहेत. २०० कसोटी, १५,९२१ धावा, ५१ शतके. सुनीलच्या १२५ कसोटींत १०,१२२ धावा आणि ३४ शतके. पण भागाकार करून पाहा. सुनीलने सरासरी ३.७ कसोटींमागे एक शतक काढले, सचिनने ३.९ कसोटींमागे. त्यातही सुनील सलामीला जाई. नवा चेंडू, समोर जगातील सर्वांत वेगवान गोलंदाज आणि डोक्यावर शिरस्त्राण नाही. त्याच्या ३४ शतकांपैकी १३ वेस्ट इंडीजविरुद्धची आहेत.

सचिनचा पक्षही दुबळा नाही. अठराव्या वर्षी, १९९२ साली, पर्थच्या उसळत्या खेळपट्टीवर त्याने ११४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांत सुनीलचे शतक एकच, सचिनची ४९. बावीस वर्षे दोन्ही प्रकारांचा भार त्याने वाहिला. ऑक्टोबर २०१३ मध्ये आपल्या हरियाणातच, लाहलीच्या मैदानावर, चाळिशीतला सचिन आपला अखेरचा रणजी सामना खेळला आणि नाबाद ७९ धावा करून मुंबईला विजयी करूनच परतला.

मग थोर कोण? व्याप्ती सचिनची मोठी, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. तथापि कसोटीपुरता माझा कौल सुनीलला आहे. १९८७ साली अहमदाबादेस त्याने दहा हजार धावांचा टप्पा गाठला, तेव्हा जगात दुसरे कोणीही तेथवर पोहोचले नव्हते. सचिनला निदान वाट दिसत होती; सुनीलला ती पाडावी लागली.

मात्र हा कौल देऊन तरुणांना गप्प बसवण्याचा माझा हेतू नाही. त्याच १९८७ साली मुंबईतील उत्कृष्ट कनिष्ठ खेळाडूचा पुरस्कार हुकल्याने चौदा वर्षांचा सचिन खट्टू झाला होता. त्या वेळी सुनीलने त्याला स्वतः पत्र लिहून धीर दिला. हा पुरस्कार न मिळालेल्या आणखी एकाचे कसोटीत फारसे वाईट झाले नाही, असे त्याने सुचविले. तो 'आणखी एक' म्हणजे स्वतः सुनीलच! आपले विक्रम पुढे हाच मुलगा मोडणार, हे तेव्हा त्यास ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी त्याने ते पत्र लिहिलेच असते, अशी माझी श्रद्धा आहे.

ज्यांनी हे मंडळ उभे केले ते आपले सुनील. त्यांच्या श्रमांचे मोल कमी होऊ नये. पण पुढील पन्नास वर्षे ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्या चुका मोजण्याऐवजी आपण ज्येष्ठांनी त्यांना असे एक पत्र लिहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.