बालवर्गासाठी हलती चित्रे
(बालवर्गाच्या पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेले भाषण)



तीन ते सहा वर्षांच्या मुलांना विज्ञान कसले शिकवायचे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. परंतु हेच मूल दिवसभर 'हे काय?' आणि 'असे का?' म्हणून आपला पिच्छा पुरवीत असते. आपणांस सवड नसते, म्हणून आपण त्याच्या हाती मोबाईल देतो. परिणाम असा, की सांगलीच्या मुलाला बर्फातला पेंग्विन ओळखता येतो. पण आपल्या बाजारात पोत्यांनी येणारी हळद जमिनीखाली वाढते, हे त्याला ठाऊक नसते. ही चित्रे दूरच्या मुलांसाठी काढलेली आहेत. आपल्या मुलांसाठी ती कोण काढणार?

पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' निघाली, तिने शालेय मुलांसाठी पुष्कळ कार्यक्रम केले. २०१७ साली ती बंद पडली. तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नाही. हे काम आपण करू शकतो काय? मी म्हणतो, करू शकतो.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला, हे आपण जाणताच. पण त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्यापुढे कॅमेरा रोवला आणि महिनाभर थोडी थोडी चित्रे घेत रोपाची सारी वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखविली. 'अंकुराची वाढ' हे त्या पटाचे नाव. तो पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. पुढे 'आगकाड्यांची मौज' या पटात त्यांनी आगपेटीच्या काड्याही हलविल्या. एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी वाटाण्यापासून आरंभ केला, तर आपण मटकीपासून का करू नये?

रीत सोपी आहे. काचेच्या पेल्यात ओला टिपकागद बसवावा आणि काच व कागद यांच्यामध्ये मटकीचे दाणे ठेवावेत, म्हणजे मूळ स्पष्ट दिसते. मोबाईल विटांच्या आधाराने पक्का बसवावा. तो केसभरही हलता कामा नये. खिडकीवर जाड कापड टाकून एकच दिवा चालू ठेवावा, नाहीतर दिवस-रात्रीच्या उजेडाने चित्र लुकलुकते. दर तासाला एक चित्र. रात्री कोण जागणार, ही काळजी नको; ठरलेल्या वेळी आपोआप चित्र घेण्याची सोय आता मोबाईलमध्ये मिळते. दोन दिवसांत अठ्ठेचाळीस चित्रे होतात. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रे लागतात, आपले काम आठांत भागते. म्हणजे दोन दिवसांच्या खटपटीतून सहा सेकंद! पण त्या सहा सेकंदांत दाणा फुगतो, फुटतो आणि मूळ खाली वळते.

जे दारात दिसते त्याचा पट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंगी पाहायची तर अंगणात जावे. पट करावा तो डोळ्यांस न दिसणाऱ्या किंवा फार सावकाश घडणाऱ्या गोष्टींचा. मातीखालची हळद कागदाचे तुकडे कापून, ते थोडे थोडे सरकवून दाखविता येते. रुईच्या पानावरील अळीचे फुलपाखरू व्हायला काही आठवडे लागतात. साताऱ्याजवळच्या कास पठारावर टोपली कारवी सात वर्षांनी फुलते; तीन वर्षांचे मूल तोवर दहा वर्षांचे होईल!

आणखी एक. बियांना डोळे-तोंड काढून त्यांना बोलते करण्याची हौस आवरावी. वाटाणा बोलू लागला, की मूल त्याच्या तोंडाकडे पाहते, मुळाकडे नव्हे. पट मुकाच ठेवावा. आपल्या मुलांच्या घरी दखनी, शेजारी मराठी, पुस्तकात कधी उर्दू; बाईंनी शेजारी बसून, मुलाला उमजेल त्या बोलीत सांगावे. मुलाने 'पुन्हा दाखवा' म्हटले, तर पुन्हा दाखवावे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला पडद्यापुढे बसण्याची कमाल मर्यादा एक तास सांगितली आहे, आणि त्याहून कमी बरे असेही म्हटले आहे. आपले पट तर मिनिटभराचे. ते संपताच खरी मटकी मुलांच्या हाती द्यावी.

आता माझे मागणे. काच तडकलेला, पण कॅमेरा चालू असलेला एखादा जुना मोबाईल आपल्या घरी पडून असेल, तर तो बालवर्गास द्यावा. मटकी आणि टिपकागद आमच्याकडे आहेत.