अंगालगतचा कपडा

स्वीडनच्या उत्तर भागात सप्टेंबरमध्ये मूस या थोराड सांबरवर्गीय प्राण्याची शिकार सुरू होते. शिकारी चढ चढून घामाघूम होतो आणि मग तासन्‌तास एका जागी निश्चल बसतो. थंडी बाधते ती या बसण्यात. म्हणून जाड जाकिटाच्या आधी अंगालगतचा कपडा पारखून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. पाणी हवेच्या सुमारे २४ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. घामानं चिंब झालेला सुती बनियन पाठीला चिकटला, की वरून कितीही कपडे चढवा, हुडहुडी भरतेच.

म्हणून अंगालगत सुतीऐवजी लोकर घालावी. पॉलिस्टर लवकर वाळतं, स्वस्तही पडतं, मग लोकर कशाला, असं कुणी विचारेल. सतत चालायचं असेल तर पॉलिस्टर उत्तमच. पण त्याला घामाचा वास लवकर धरतो, आणि मूसचं नाक फार तिखट. मेरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा तंतूंच्या आत मुरवते, तरी कातडीला ओली लागत नाही. लोकर टोचते, ही तक्रार जाड तंतूंची; २० मायक्रॉनच्या आतला बारीक तंतू कातडीला टेकताच वाकतो. मात्र कपडा अंगासरसा बसायला हवा. काखेत, कमरेत झोळ राहिला तर घाम कातडीवरच साचतो.