पाण्याला गेलेल्या आईचं लेकरू



बसा मायबाप, सरकून बसा. बायांनो, लेकरं मांडीवर घ्या. रडलं तर रडू द्या, त्यासाठी उठून जाऊ नका. लेकरू रडलं म्हणून पांडुरंग कीर्तनातून उठत नाही.

आज गोरोबाकाकांची कथा. तेरचे संत, धंदा कुंभाराचा. कथा तुम्हाला पाठ आहे. काका चिखल तुडवताहेत, मुखी नाम चाललंय. कारभारीण घागर घेऊन निघाली. जाताना म्हणाली, "धनी, लेकराकडं ध्यान असू द्या." इकडे काकांचे डोळे मिटले, देहभान गेलं. लेकरू रांगत रांगत आलं आणि बापाच्याच पायाखाली गेलं. मी ही कथा कैक वर्षं सांगतोय. सांगायचो, "पाहा, काय ती तल्लीनता!" टाळकरी डोलायचे, माझाही गळा दाटून यायचा.

मग एका पौषात कारखान्याच्या तळावर कीर्तन होतं. समोर सगळी ऊसतोडीची मंडळी, बीडकडची. मागं कोप्यांची रांग, बैल बांधलेले. आरती झाली, लोक पाया पडायला आले. त्यात एक बाई आली, काखेत तान्हं. म्हणाली, "महाराज, रागावू नका, एक विचारते. ती बाई पाण्याला गेली नसती तर घरात पाणी कुणी आणलं असतं? आन् काकांनी चिखल तुडवला नसता तर मडकी कुठनं झाली असती? दोघं बी कामावरच होते की. मग लेकरू ठेवायचं कुणापाशी?"

माउली, मी तिच्या कपाळी बुक्का लावला. उत्तर मात्र मला देता आलं नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे त्यांच्याबरोबर फडावर गेलो. तिथं नवरा-बायको दोघांना मिळून 'एक कोयता' म्हणतात. माणसं दोन, मोजायचा कोयता एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती त्या जोडीवर. बाई लेकरासाठी कोपीवर थांबली तर कोयता अर्धा झाला, उचल फिटायची कशी? म्हणून तान्हं फडावर येतं. बांधाला झाड असलं तर लुगड्याची झोळी, नसलं तर वाढ्याच्या ढिगावर फडकं टाकून निजवायचं. थंडी, पाचट, इंचूकाटा, मागं सरणारा ट्रॅक्टर. आणि राखायला कोण? सात-आठ वर्षांची बहीण. म्हणजे एका लेकराला सांभाळताना दुसऱ्याचं बालपण गेलं!

सोयी नाहीत असं नाही. मोठ्या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या, गावी राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. सहा वर्षांखालच्यांसाठी 1975 सालापासून अंगणवाडी आहे. पण नाव गावच्या वहीत आणि लेकरू शंभर कोसांवर फडात! 1948 च्या कारखाना कायद्यात लिहिलेलं होतं, तीसपेक्षा जास्त बाया कामाला असतील तिथं त्यांच्या लेकरांसाठी पाळणाघर हवं. पण फड म्हणजे काही कारखाना नव्हे. साखर आत होते, ऊस बाहेर तुटतो, आणि लेकरू बाहेरच्या बांधावर.

आणि हे फक्त फडावरचं आहे का हो? तुमचा मुलगा-सून शहरात नोकरीला, नातू पाळणाघरात. सुनेला नावं ठेवू नका. तीही पाण्यालाच गेलीय, माउली! घागर तेवढी बदलली.

मग त्या बाईला उत्तर काय? ते कथेतच होतं, मलाच दिसलं नव्हतं. ते लेकरू परत कुठं मिळालं? काकांच्या घरात नाही, चिखलाच्या खड्ड्यापाशीही नाही. पंढरीत, नामदेवरायांच्या कीर्तनात, भरल्या गर्दीतून रांगत आलं ते आईकडे. देवानं लेकरू दिलं ते चारचौघांच्या देखत, सगळ्यांच्या मधोमध. जणू म्हणाला, हे एकट्या आईबापानं राखायचं नाही, तुम्ही सगळ्यांनी राखायचं.

म्हणून सांगतो. ज्यांच्या शिवारात टोळी उतरते त्यांनी देवळाची पडवी सकाळी उघडी ठेवा. गावात रिकाम्या बसलेल्या आज्या आहेत, दोघी-दोघींनी पाळी लावा. अंगणवाडीच्या ताईंना सांगा, फडावरची लेकरंही आपल्याच वहीत धरा. वाटीभर दूध, ऊन लागणार नाही अशी जागा आणि एक जागं माणूस. एवढंच लागतं. एकादशीच्या फराळापेक्षा खर्च कमी आहे.

पुढच्या साली मी त्याच तळावर गेलो. ती बाई दिसली नाही, टोळी दुसरीकडे गेली होती. उत्तर माझ्याजवळच राहिलं. म्हणून आता गावोगाव सांगत फिरतो. कुणाच्या शिवारात भेटली तर तिला सांगा, लेकरू आमच्यापाशी ठेव बाई, आणि निवांत जा पाण्याला.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!